आईच्या नावाची विहीर

देवास, १२ जून १९५४

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण महिन्यापूर्वी तुम्हीच सांगितलंत की या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. नमस्काराला तरी आत घ्याल की नाही कोण जाणे. साधाच पाठवते, ओसरीवर ठेवून घ्या.

अक्षयतृतीयेला बोरखेडीत मी चारचौघांत बोलले, याचा तुम्हाला राग. पण ते पाणी चारचौघं पितात, तेव्हा बोलणं चारचौघांतच व्हायला हवं होतं. तुम्ही अर्धंच ऐकून उठलात, म्हणून उरलेलं लिहून देते. आईच्या नावानं तुम्ही बांधलेल्या विहिरीच्या पाण्यात फ्लोराईड नावाचा क्षार आहे. त्याला चव नाही, वास नाही, डोळ्यांना तो दिसत नाही. थोडा असला तर बरा, जास्त असला तर वाढत्या मुलांचे दात पिवळे पडतात, मग तपकिरी होतात, आणि ते डाग राखुंडीनं जात नाहीत. विहिरीला पाणी लागलं तेव्हा आपली इंदू चार वर्षांची होती. आज ती पोर हसताना तोंडावर हात धरते आणि वहिनी तिलाच रागावतात की दात घासत नाहीस. बोरखेडीतल्या तिच्या वयाच्या कुठल्याही मुलाला "आ कर" म्हणा, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

ती विहीर कशासाठी झाली ते मी विसरलेले नाही. जुन्या बारवेत पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभं राहून घागर भरायची, म्हणून गावात घरटी नारू होता. आईच्या पायातून नारूचा दोरा निघाला, जखम चिघळली आणि ती गेली. तुम्ही काळा खडक सुरुंगानं फोडून खोल विहीर खणलीत, छातीइतका कठडा बांधलात, कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही अशी. बोरखेडीचा नारू गेला तो तुमच्यामुळे. हे मी कुठंही सांगेन, कागदावर लिहून देईन. पण त्याच खोल खडकातून हा क्षार येतो आहे, त्याला तुम्ही तरी काय करणार आणि आई तरी काय करणार? यात तिच्या नावाला बट्टा कसला?

माझं मागणं एकच आहे. ती विहीर पिण्यासाठी बंद करा. शेताला वापरा, धुण्याला वापरा. पिण्याला नको.

मी शिकवते त्या कॉलेजातल्या काचेच्या नळ्यांवर तुमचा विश्वास नाही म्हणालात. काम अगदी साधं आहे. एक लाल औषध पाण्यात घालायचं. फ्लोराईड असेल तितका लाल रंग उडून पिवळा होत जातो. मग ज्यांचं माप माहीत आहे अशा नळ्यांच्या रांगेत ती नळी ठेवायची आणि वरून पाहून जोडी लावायची. मुलगी दाखवतात तेव्हा रंग पाहायला इतकी काळजी कुणी घेत नाही. माझी बाटली खोटी वाटत असेल तर तुम्ही तुमच्या हातानं पाठवा. तुमच्या पाण्याला मी इथून न्यायच देईन.

तुमची,
बकुळा

देवास, २९ ऑगस्ट १९५४

तीर्थरूप दादा,

बाटली पोहोचली. सरदारपूरच्या मोटारीनं धारला, तिथून इंदूर, इंदूरहून देवास, आणि एवढ्या प्रवासात झाकणावरची लाख जराही तडकली नाही. लाखेवर तुमची दरबारातली मोहोर पाहिली. संस्थान विलीन होऊन सहा वर्षं झाली, मोहोर मात्र अजून नोकरीत आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

सोबत एकच ओळ होती, "तपासा आणि माफी मागा." निदान एक ओळ तरी आली, मी ती दोनदा वाचली.

तपासलं. तुमच्या बाटलीत फ्लोराईड जवळजवळ नाही. लाल रंग होता तसा राहिला. हे तुम्हाला न कळवता गप्प बसले असते तर तुम्हाला पत्ता लागला नसता, पण निकाल लपवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. आज माझ्या वहीतला आकडा तुमच्या बाजूचा आहे.

तरीही माफी मागत नाही, अजून. कारण श्रावणात त्या विहिरीचं पाणी लालसर येतं हे मी लहानपणी नव्हे, दोन वर्षांपूर्वी स्वतः पोहरा ओढून पाहिलं आहे. तुम्ही पाठवलेलं पाणी अगदी नितळ आहे. इथले आमचे विभागप्रमुख उमाशंकरजी उज्जैनकडचे, कमी बोलतात. त्यांना मी नळी दाखवली. त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिली, बाटली हलवून पाहिली, आणि म्हणाले, "रीडिंग तो सच्ची है, बाईजी. पानी झूठा है."

धार आणि देवासच्या विहिरींवरचा आमचा निबंध पुरा होत आला आहे. बोरखेडीचं कोडं सुटेपर्यंत तो छापायला द्यायचा नाही असं आमचं ठरलं. तेव्हा थोडं थांबा.

बकुळा

देवास, १४ सप्टेंबर १९५४

दादा,

आज नमस्कारही लिहीत नाही.

पाण्यात तुरटी आहे, आणि भरपूर आहे. तुरटी फ्लोराईडला धरून ठेवते, मग लाल औषधाला त्याचा सुगावाच लागत नाही आणि नळी "सगळं ठीक आहे" म्हणून सांगते. म्हणून मी तुमचंच पाणी आम्ल घालून उकळलं आणि वाफ थंड करून दुसऱ्या भांड्यात धरली. फ्लोराईड वाफेबरोबर निघून येतं, तुरटी मागं राहते. त्या धरलेल्या पाण्यात लाल औषध घातलं. बघता बघता रंग उडाला. चांगल्या पाण्यात चालतं त्याच्या चौपट फ्लोराईड निघालं, आणि थोडं तर तुरटीच्या गाळाबरोबर आधीच खाली बसलं असणार.

मोहोर तुमची, लाख तुमची, ओळ तुमच्या हातची. मग तुरटी कुणाची समजू? मॅट्रिक झाल्यावर भाऊबंद म्हणाले की पोरीला इंदूरला कॉलेजात घालणं म्हणजे घराण्याची शोभा, तेव्हा तुम्ही साऱ्यांना वाटेला लावलंत आणि मला स्वतः होस्टेलात सोडून आलात. त्या माणसानं बहिणीला फसवायला बाटलीत तुरटी फिरवावी? माझ्याशी भांडला असतात तर चाललं असतं, दोन तोंडात मारल्या असत्या तरी चाललं असतं. ही लबाडी मला सोसत नाही.

आकडा खाली लिहिला आहे. पटला तर विहीर बंद करा. नाही पटला तरी करा.

बकुळा

देवास, १५ ऑक्टोबर १९५४

तीर्थरूप दादा,

नमस्कार, आणि या वेळी चांगला वाकून.

सुभद्रा वहिनी नवरात्र उठल्यावर इथल्या टेकडीवर देवीची ओटी भरायला आल्या होत्या आणि तुम्हाला न सांगता माझ्याकडे उतरल्या, हे आता तुम्हाला कळलंच असेल. नसेल तर त्यांना रागावू नका, त्यांनी तुमची अब्रू वाचवली आहे. मी रागारागानं त्यांना तुरटीचं सांगितलं, तर त्या गोंधळून म्हणाल्या,

"अहो वन्सं, ती मीच फिरवली की. यांनी विहिरीवरून कळशी आणवली आणि मोहोर काढायला आत गेले. पाणी बघते तो काय, एकदम मटमैला. माहेरचं पाणी लेकीला असं पाठवायचं? तिथले लोक क्या बोलते?"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि मग इतकी हसले की त्या घाबरल्या. आपल्याकडे पाहुण्याला गढूळ पाणी द्यायचं नाही, हे मी आईच्या हाताखालीच शिकले. घागरीत तुरटीचा खडा फिरवून ठेवायचं काम माझंच असे. आणि गावोगावच्या लोकांना "बाटली भरून द्या" म्हणताना मला ते एकदाही सुचलं नाही. कॉलेजातली बाई पाणी मागते म्हटल्यावर कितीक घरांनी असाच पाहुणचार केला असेल. उमाशंकरजींना सांगितलं तर ते टेबलावर थाप मारून हसले आणि लगेच म्हणाले की सगळ्या विहिरी पुन्हा. आता प्रत्येक बाटली मी कठड्यावर उभी राहून स्वतः भरते, आणि शंका आली की आधी तुरटी तपासते. निबंधात याचा एक आख्खा परिच्छेद होणार आहे. वहिनींचं नाव त्यात घालता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुम्हाला लबाड म्हटलं ते शब्द मागे घेते. आकडा मागे घेत नाही.

आता दुसरं. वहिनी बोलता बोलता सांगून गेल्या की विहिरीला पाणी लागलं त्या दिवसापासून तुम्ही दुसरं पाणी तोंडात घेतलेलं नाही. धारला कचेरीत जाता तरी आईच्या विहिरीची सुरई बरोबर असते, पाहुण्यांकडे जेवता पण पाणी आपलंच पिता. आणि गेल्या हिवाळ्यापासून सकाळी उठताना दाराची चौकट धरावी लागते, देवापुढे वाकता येत नाही, घोड्यावरून पडला होतात त्याचं जुनं दुखणं उसळलं आहे म्हणता. मी वहिनींना काही बोलले नाही. चहा केला, त्यांच्या ओटीत नारळ घातला आणि त्यांना मोटारीत बसवून आले.

दादा, दातांचं मी गावासमोर सांगितलं. हाडांचं सांगितलं नव्हतं, कारण बोरखेडीत मला तसं कुणी दिसलं नव्हतं. मुलांच्या दातांत जे बसतं ते मोठ्या माणसाच्या हाडांत बसतं, फक्त त्याला वर्षं लागतात आणि पाणीही पुष्कळ लागतं. तुम्ही दोन्ही दिलंत. इंदूरला एका डॉक्टरांना मी भेटले. त्यांनी असे रोगी दक्षिणेत पाहिले आहेत. त्यांनी सांगितलं तेवढंच विचारते. मान खाली घालून हनुवटी छातीला टेकते का? पडलेली वस्तू गुडघे न वाकवता उचलता येते का? मला उत्तर देऊ नका हवं तर, पण एकांतात करून पाहा. आणि ते पाणी सोडा.

मला आज फार भीती वाटते आहे, आणि मी सहसा भीत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमची,
बकुळा

देवास, २२ मार्च १९५५

तीर्थरूप दादा,

नमस्कार. तुमचं उत्तर नाही, पण बातम्या येतात. पालथ्या घड्यावर पाणी घालते आहे असं मला वाटत होतं, तर घडा जरा कलला म्हणायचा.

नाल्याच्या अलीकडे नवी विहीर झाली. उथळ आहे, पण कठडा तुम्ही आईच्या विहिरीसारखाच छातीइतका बांधवून घेतलात, नारू परत यायला नको म्हणून. मी गेल्या आठवड्यात येऊन पाणी भरून नेलं. तुम्ही शेतावर होतात, म्हणजे मी येणार हे कळल्यावर शेतावर गेलात. पाणी चांगलं आहे. लाल रंग जिथल्या तिथं राहिला आणि मी दोनदा तपासलं, तुरटी नाही. आईच्या विहिरीवर तुम्ही मोट बसवली आहे आणि पोहऱ्याचा दोर काढून घेतला आहे, हेही पाहिलं. संस्थान गेलं, इनाम गेलं, दरबारातली खुर्ची गेली. त्यानंतर गावानं तुम्हाला वाकून जोहार करावा असं एकच काम तुमच्या नावावर राहिलं होतं, आणि तेही तुम्ही स्वतःच्या हातानं बाजूला ठेवलंत. मला याचा अभिमान वाटतो. हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही खेकसला असतात.

आमचा निबंध छापला गेला. पहिल्याच पानावर लिहिलं आहे की बोरखेडीच्या खोल विहिरीमुळे गावातला नारू नाहीसा झाला. मग पुढचं लिहिलं आहे. या क्रमानंच लिहायचं असा मी हट्ट धरला. त्या निबंधामुळे नागपूरच्या एका संस्थेनं मला बोलावलं आहे, विहिरींच्या पाण्याच्या मोठ्या पाहणीसाठी. येत्या जानेवारीत रुजू व्हायचं. धार जिल्ह्यापासून सुरुवात करायची अशी अट मी घातली आणि त्यांनी ती मान्य केली. बाई म्हणून त्यांनी जरा आढेवेढे घेतले, पण आकडे बघून गप्प झाले.

एवढं सगळं चांगलं आहे, आणि तरी मी इथं बसून दात-ओठ खाते आहे. कारण इंदूनं लिहिलंय की दोर काढला तो लोकांसाठी. तुमच्यासाठी रोज मोटेतली एक कळशी वेगळी भरली जाते. तिनं धीर करून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "आईचं पाणी कुणीतरी प्यायला हवं."

गावाला वाचवलंत. स्वतःला का नाही?

बकुळा

देवास, ३ नोव्हेंबर १९५५

तीर्थरूप दादा,

नमस्कार. उत्तराची वाट पाहणं मी उन्हाळ्यातच सोडलं. हे पत्र आधी सूचना म्हणून पाठवते आहे; या वेळी मात्र शेतावर निघून जाऊ नका.

यंदा भाऊबीजेला मी बोरखेडीला येते आहे. पाऊल टाकू नकोस म्हणाला होतात, पण भाऊबीजेला बहिणीला दारातून परत पाठवणारा भाऊ मालव्यात अजून जन्मला नाही, आणि तुम्ही त्याची सुरुवात करणार नाही. लुगडं नको, रुपये नकोत. मला काय हवं ते तुम्हाला माहीत आहे. ते ओवाळल्यावर मागणार, सगळ्यांसमोर. चारचौघांत बोलायची माझी खोड जुनीच आहे.

बकुळा

देवास, १७ नोव्हेंबर १९५५

तीर्थरूप दादा,

कालच तुमच्याकडून निघाले आणि आज लगेच पत्र, तेव्हा इंदूला वाटेल आत्याला वेड लागलं. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला जेवण गेलं नाही.

वहिनींनी पाट मांडला, रांगोळी घातली, आणि तुम्ही पाटाजवळ येऊन थांबलात. मला वाटलं अजून राग आहे. मग कळलं की तुम्हाला खाली बसता येत नाही. वहिनी खुर्ची आणायला वळल्या, तुम्ही हातानंच नको म्हणालात. गंध लावायला तुम्ही मान खाली घालाल म्हणून मी वाट पाहिली, तीही खाली आली नाही. तेव्हा मी तबक घेऊन स्वतःच पाटावर चढले. इंदूला हसू आलं, शेजारणींनाही आलं, तुम्हालाही आलं. मला नाही आलं. लहानपणापासून मी तुमच्याकडे मान वर करून पाहत आले, काल पहिल्यांदा तुमचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि त्यात इतका थकवा होता.

ओवाळून झाल्यावर मी मागितलं. तुम्ही अगदी हळू म्हणालात, "मी सोडलं तर आईचं कोण राहिलं तिथं?" मी म्हणाले, "दादा, आई अंथरुणाला खिळली तेव्हा रोज काय सांगायची? पोरांना बारवेत उतरू देऊ नका. तिला पाण्याचं काही नव्हतं. आपलं होतं." तयार करून आणलेलं पुढचं भाषण मी सोडून दिलं.

तुम्ही म्हणालात, "बकुळे, पाणी दे."

नव्या विहिरीच्या घागरीतून मी तांब्या भरला. तुमची मान मागे जात नाही, म्हणून तुम्ही दोन्ही हातांनी तांब्या उंच धरलात आणि अंगरख्यावर सांडत सांडत तो रिकामा केलात. वहिनींनी पदरात तोंड घातलं. तुम्ही ओठ पुसलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "हेही गोडच आहे गं." अकरा वर्षांनी तुम्ही दुसरं पाणी प्यायलात, दादा. नागपूरहून बोलावणं आलं तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता.

लिहायचं होतं ते हे. मी मोटारीत चढत असताना तुम्ही मला विचारलंत, "आता ही पाठ सुटेल ना?" आणि मी ताबडतोब "हो" म्हणाले. न तपासता आकडा मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता, तो काल तुम्हाला दिला. इंदूर येईपर्यंत तो "हो" मला टोचत होता. खरं असं आहे की हाडांत बसलेलं फार सावकाश निघतं, काहींचं निघतच नाही. दुखणं कमी होईल, आणखी आखडणार नाही, इतकं डॉक्टर सांगतात आणि तेवढंच मी सांगू शकते. पाठ सुटेल असं मी म्हणणार नाही.

नाही सुटली तर दर भाऊबीजेला मी पाटावर चढेन. मला त्यात काही कमीपणा नाही.

तुमची,
बकुळा